अकरा तपकिरी बाटल्या

माझं जवळजवळ अर्धा लिटर रक्त कचऱ्यात गेलं तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. वेळ लक्षात राहिली, कारण खुर्चीसमोरच घड्याळ होतं आणि पिशवी भरेपर्यंत तिच्याकडे बघू नका, गरगरेल, असं नर्सने बजावलं होतं. म्हणून मी आधी घड्याळाकडे बघितलं आणि मग अर्थातच पिशवीकडे. ती खाली एका डुलणाऱ्या तबकात पडून होती, तान्ह्या पोराला पाळण्यात घालावं तशी हलत होती आणि हळूहळू फुगत होती. माझ्यातून निघालेली कुठलीही गोष्ट इतक्या शांतपणे वाढताना मी पाहिली नव्हती. भरली तशी नर्सने नळीला चिमटा लावला, सुई काढली, पिशवी उचलून क्षणभर तळहातावर तोलली आणि पायाने झाकण उघडून पिवळ्या डब्यात टाकली. ओला टॉवेल पडावा तसा आवाज झाला. "हे आता कुणाला देणार?" मी विचारलं. "कुणाला नाही," ती म्हणाली. "कुणालाच?" "इथला नियम आहे. उपचार म्हणून काढलेलं रक्त आम्ही दान म्हणून घेत नाही. काही ठिकाणी घेतात. तुम्हाला चॉकलेट बिस्किट देऊ की साधं?" मी साधं म्हणालो. सत्तावीस वर्षं मी बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात काम करतोय. जोडीतला एकटा मोजासुद्धा आम्ही नव्वद दिवस ठेवतो, चिठ्ठी लावून, फळीवर. माझं रक्त, अजून कोमट होतं ते, नव्वद सेकंदही कुणाची वाट बघत थांबलं नाही.

आमच्या खात्याबद्दल लोकांचा समज असा की आम्ही वस्तू परत देतो. प्रत्यक्षात आम्ही वस्तू न देण्याचं काम करतो. खिडकीशी माणूस येतो, म्हणतो छत्री हरवली. कशी होती? काळी. जगातल्या सगळ्या छत्र्या काळ्या आणि सगळी माणसं प्रामाणिक, तेव्हा आम्ही पुढे विचारतो. मूठ कसली, काडी वाकलेली होती का, कुठल्या बाजूची. नवशिके कारकून तिथे फसतात. फडाफड उत्तरं देईल तो खरा, असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे ज्याचं हरवलंय तो गडबडतो. आपली छत्री कुणी कधी नीट बघितलेली असते? मी गडबडलेल्या माणसाला छत्री देतो आणि पाठ करून आलेल्याला रजिस्टर बंद करून दाखवतो. या एका अक्कलहुशारीवर मला दोन बढत्या मिळाल्या. घरीही माझी तीच ख्याती. कुणाचं काही पटेनासं झालं की नातेवाईक म्हणायचे, ह्याला विचारा, ह्याला खोटं बरोबर कळतं. मी नको नको म्हणत पुढे व्हायचो, जसा गवयी आग्रहाची वाट बघत पुढे होतो.

गेल्या वर्षभरात मात्र मला छत्र्या जड व्हायला लागल्या. फळीवरून खोकं काढलं की बसावंसं वाटायचं, आणि बसलं की का उठायचं ते आठवेना. बायको म्हणाली, वय झालं. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही रंगाने छान झालात, सुट्टीवर जाऊन आल्यासारखे. मी सुट्टीवर गेलो नव्हतो. मग उजव्या हाताची बोटं दुखायला लागली, अंगठ्याशेजारची दोन, मुळाशी. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नेमकी तीच दोन हाडं दाबून विचारलं, "इथे?" तीस वर्षांच्या संसारात इतक्या नेमकेपणाने मला कुणी 'इथे?' असं विचारलेलं नाही. मग तपासण्या झाल्या आणि त्यांनी सांगितलं की लोखंडाचं काम आहे. मी म्हणालो, कमी झालंय ना, घरात सगळ्यांनाच असतं, अशक्तपणा. ते म्हणाले, "जास्त झालंय. तीनशेच्या आत असायला हवा तो आकडा तुमचा अडीच हजारांवर आहे." आयुष्यात कुठल्याही परीक्षेत मला इतके मार्क मिळाले नव्हते.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि मी ऐकता ऐकता गप्प झालो, जे माझ्या बाबतीत लक्षण मानायला हरकत नाही. शरीराला पाणी बाहेर टाकता येतं, मीठ टाकता येतं, विषसुद्धा बऱ्यापैकी टाकता येतं. लोखंडाला दार नाही. कातडीबरोबर, केसाबरोबर, एखाद्या जखमेतून चिमूटभर झडतं, तेवढंच. जे आत आलं ते राहिलं. म्हणून शरीराने सगळी हुशारी आत येणाऱ्या दाराशी ठेवली आहे. आतड्यात कुणीतरी बसलेलं असतं आणि पुरे झालं की नको म्हणतं. माझ्या आतड्यात जो बसवलाय तो कुणालाच नाही म्हणत नाही. मी तिकडे खिडकीत बसून जन्मभर लोकांना परत पाठवत होतो, आणि आत, माझ्याच पोटात, एक भला माणूस येईल त्या कणाला या, बसा म्हणत होता. मग ते पाहुणे काळजात, यकृतात, बोटांच्या सांध्यात जागा मिळेल तिथे पथारी टाकत होते, सत्तावन्न वर्षं. मला राग यायला हवा होता. मला आला तो आदर. डॉक्टर म्हणाले, बिघडलेल्या जनुकाची आईकडून एक प्रत आणि वडिलांकडून एक, अशा दोन आल्या की हे होऊ शकतं. एकच असेल तर सहसा काही होत नाही, माणूस ठणठणीत राहतो आणि नकळत पुढे देतो. म्हणजे माझे आईवडील, ज्यांचं पंख्याच्या वेगावरूनसुद्धा कधी एकमत झालं नाही, ते या एका बाबतीत, एकमेकांना न विचारता, एकच निरोप घेऊन आले होते. त्यांच्या आधी त्यांचे, आणि त्यांच्या आधी कुठल्यातरी उपासमारीत तगून राहिलेलं कुणीतरी. "उपाय?" मी विचारलं. "रक्त काढायचं," डॉक्टर म्हणाले. "दर आठवड्याला एक पिशवी, वर्षभर तरी. शरीर नवीन रक्त करायला साठ्यातलं लोखंड वापरतं. मग साठा उतरतो." इतकंच? इतकंच. हजारो वर्षांचा निरोप, आणि त्याला उत्तर म्हणजे एक सुई आणि एक पिशवी.

तर पहिली पिशवी डब्यात पडली आणि मी साधं बिस्किट खात असताना नर्सने एक कोरा कागद काढला. "तुमचं घर काढूया," ती म्हणाली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तिने माझा चौकोन काढून तो गडद केला. माझी मुलगी गोल. तिला मी आजार कळला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, तिची तपासणी झाली होती, एकच प्रत निघाली. "छान," नर्स म्हणाली आणि गोल अर्धा रंगवला. "भावंडं?" एक मोठा भाऊ, मी म्हणालो. "आहेत?" नाही. तिने माझ्याशेजारी चौकोन काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारली. सवयीची, स्वच्छ रेघ. "कितव्या वर्षी?" एकोणपन्नासाव्या. बारा वर्षं झाली. "कशाने?" "यकृत. दारूने." तिचा पेन थांबला. "रंग सावळला होता?" हो. "साखर?" शेवटी शेवटी. "बोटं?" दादा घड्याळं दुरुस्त करायचा. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या हातातून चिमटा सुटायचा. "दारू प्यायचे असं कोण म्हणालं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात आरोप नव्हता, नुसती रिकामी जागा भरायची होती. मी म्हणालो, "मी."

आई आम्हा दोघांना रोज सकाळी लोखंडाचं टॉनिक द्यायची. तपकिरी बाटली, वर पत्र्याचं बूच, चवीला चाटलेल्या कुलपासारखं. तिला आमच्या तोंडावर अशक्तपणा दिसायचा. तिला तो वर्तमानपत्र टाकणाऱ्याच्या तोंडावरही दिसायचा. ती चमचे भरून ठेवायची आणि दूध बघायला आत वळायची, आणि तेवढ्यात मी दादाकडे बघायचो, आणि दादा स्वतःचा चमचा पिऊन माझाही प्यायचा. मागून घ्यायचा नाही, उपकार दाखवायचा नाही. नुसता प्यायचा आणि चमचा माझ्या हातात परत द्यायचा, आई वळली की माझ्या हातात रिकामा चमचा दिसावा म्हणून. किती वर्षं? पाच असतील, सहा असतील. मी हे डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लहानपणीच्या त्या चमच्यांनी फारसा फरक पडला नसावा. मी घरी येऊन 'फारसा' या शब्दाकडे बराच वेळ बघत बसलो.

मोठेपणी दादा थकायला लागला तेव्हा त्याने कुणाला सांगितलं नाही. दुकानात काम करता करता डोळा लागायचा, गिऱ्हाईक परत जायचं, चेहरा काळवंडला, डोळ्यांत पिवळं आलं. थरथरतात हात, झोकांड्या जातात, यकृत सुजलंय. घरातल्या प्रत्येकाने मनात एकच बेरीज केली आणि ती सोडवायला माझ्याकडे दिली. मी एका दुपारी त्याच्या दुकानात गेलो. तो काही सुटे भाग आणायला बाहेर गेला होता, आणि मला किल्ली कुठे असते ते ठाऊक होतं. कामाच्या मेजाखाली, जुन्या लंबकांच्या खोक्यामागे, अकरा तपकिरी बाटल्या होत्या. दहा रिकाम्या, अकरावी तृतीयांश भरलेली. सगळ्यांवर टॉनिकचं लेबल. आता साध्या माणसाने काय केलं असतं? लेबल वाचलं असतं आणि म्हणाला असता, अरे, हा टॉनिक पितोय. पण मी साधा माणूस नव्हतो. मी आमच्या फळ्यांवर शाम्पूच्या बाटलीत दारू पाहिली होती, मुलांच्या सरबताच्या बाटलीत पाहिली होती, एकदा आतून कोरलेल्या जाड शब्दकोशात पाहिली होती. टॉनिकच्या बाटलीत टॉनिक असेल हे मानणं माझ्या अनुभवाचा अपमान होता. मी बूच काढून हुंगलं. गोडूस, उग्र, तळाशी दारूचा वास. अशा औषधांत ती थोडी असतेच, हे मी आता वाचलं. तेव्हा मी मान डोलावली. तज्ज्ञ डोलावतो तशी. आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतून दिलं. चाखलं नाही. जिभेवर एक थेंब ठेवला असता तर मला ते कुलूप आठवलं असतं. बेसिनवर तांबूस डाग पडला, साबणाने गेला नाही, आणि मी मनात म्हणालो, किती हलकी पितो हा.

संध्याकाळी सगळे जमलेले असताना मी बाटल्या टेबलावर मांडल्या. दादा बघतच राहिला. "अरे, ते टॉनिक आहे," तो म्हणाला. "थकवा वाटतो म्हणून... म्हणजे, दुकानदार म्हणाला की... मी रोज नाही, म्हणजे रोजच, पण..." गडबडला. माझ्या आयुष्यातला एकमेव माणूस, जो नियमाप्रमाणे गडबडला आणि ज्याला मी त्याची छत्री दिली नाही. मी म्हणालो, "हो ना. सगळे टॉनिकच म्हणतात त्याला." हशा पिकला. विनोद चांगला होता, हीच त्याची वाईट गोष्ट; तो टिकला. पुढे दोन वर्षं घरात कुणी दादाचं नाव काढलं की दुसरा म्हणायचा, टॉनिक चालू आहे ना? दादाही शेवटी हसायला लागला होता. फक्त वहिनी हसली नाही. ती दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, आणि म्हणाली, "ते पीत नाहीत." मी तिच्याकडे समजूतदारपणे बघितलं. बायका असं म्हणतातच, असं ते बघणं होतं. आणि दादाला शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा तो शुद्धीत धड नव्हता, वहिनी त्याचा हात धरून बसली होती, आणि अर्ज भरायला अक्षर चांगलं म्हणून मला दिला. त्यात एक रकाना होता. मद्यपान. मी लिहिलं: अनेक वर्षं. लपून. 'लपून' हे कुणी विचारलं नव्हतं. शैलीसाठी घातलं.

नर्सने कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली. दादाच्या चौकोनाखाली तिने एक छोटा चौकोन काढला होता, पुतण्याचा, आणि त्यात प्रश्नचिन्ह. "वडिलांना असेल तर एक प्रत याच्याकडे नक्की आलेली आहे," ती म्हणाली. "आईकडूनही आली असेल का, ते तपासल्याशिवाय कळणार नाही. आज गुरुवार. दवाखान्यामागच्या शाळेत चित्रकलेच्या वर्गात आपल्या लोकांची बैठक असते, चार वाजता. जाऊन बसा. नुसतं बसा." मला 'आपल्या लोकांची' हे खटकलं. मी सत्तावन्न वर्षं कुठल्याही लोकांचा नव्हतो.

वर्गात मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर सात मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. भिंतीवर मुलांनी काढलेले पाणघोडे. सातांपैकी चौघांच्या कातडीला माझाच रंग होता, उन्हाशिवाय भाजलेला, आणि त्या चौघांनी माझ्याकडे बघून अशी मान हलवली की मला एकदम घरच्या लग्नात आल्यासारखं वाटलं. प्रमुख होत्या एक सत्तरीच्या बाई, पूर्वी टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होत्या. सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. त्यांचा नवरा यात गेला होता, दोन मुलं वाचली होती. "चहा घ्या," त्या म्हणाल्या. "जेवणाबरोबर घेतला तर चहा लोखंड अडवतो. देवाने आपल्यासाठी एवढी एकच सोय केली आहे." शेजारी एक बासरीवादक होता. "तुमची कितवी?" त्याने विचारलं. "पहिली." "माझी एकसष्टावी," तो म्हणाला, जसं कुणी नातवंडांची संख्या सांगावी. मग तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे का, लोखंड पृथ्वीवर तयार होतच नाही? ताऱ्याच्या पोटात होतं. तारा फुटला की बाहेर येतं. आपण दोघं जे घेऊन बसलोय ना, ते सगळं आधी एका ताऱ्यात होतं." मी काहीतरी खोचक बोलणार होतो. पण मला आईचा चमचा दिसला, दुधाकडे वळलेली आई, आणि त्या चमच्यात फुटलेला तारा, आणि तो माझ्या वाटणीचा पिणारा दादा. "असेल तारा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "पण फोन आधी."

फोन हा त्या बैठकीचा रिवाज होता, तो मला तेव्हा कळला. नवा माणूस आला की त्याने खिशातला चौकोन-गोलांचा कागद काढायचा, ज्याला सांगायचं सगळ्यात जड जातं त्याच्यावर बोट ठेवायचं, आणि त्याला तिथूनच, सगळ्यांसमोर, फोन करायचा. तोपर्यंत कुणी उठत नाही. ऐकू येऊ नये असा आव आणण्यासाठी बाकीचे भिंतीकडे तोंड करून बसतात. "घरून करतो म्हणणाऱ्या एकवीस जणांची मी नोंद ठेवली आहे," बाई म्हणाल्या. "केला तिघांनी." मी म्हणालो, माझ्याकडे नंबर नाही. "पहिला बहाणा नंबरचा," त्या इतरांना म्हणाल्या. "दुसरा, आता कामात असतील. तिसरा, पत्रच लिहीन म्हणतो, सविस्तर." मी तिसऱ्यासाठी उघडलेलं तोंड मिटलं. "नंबर नसेल तर मी काढते. चाळीस वर्षं तेच केलंय." नंबर माझ्याकडे होता. बारा वर्षं होता. दिवसकार्य झाल्यावर वहिनी मुलाला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. भांडण नाही, शब्द नाही, नुसतं येणं बंद. आम्ही म्हणालो, बिचारी, नवऱ्याच्या व्यसनाची लाज वाटत असेल. "कुणाला करताय?" बाईंनी विचारलं. "वहिनीला." "काय जड आहे त्यात?" मी सांगितलं. बाटल्या, विनोद, रकाना. सात माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी नीट, क्रमाने, शैली न घालता सांगितलं. आणि कुणीही अरेरे म्हटलं नाही. बासरीवाला म्हणाला, "माझ्या बहिणीला आम्ही आळशी म्हणायचो." त्यापलीकडची बाई म्हणाली, "वडिलांना आम्ही मांत्रिकाकडे नेलं होतं." मग ते सगळे खुर्च्या वळवून पाणघोड्यांकडे तोंड करून बसले.

दोन घंटा गेल्या. "हॅलो," वहिनी म्हणाली. आवाज जराही बदलला नव्हता. मी नाव सांगितलं नाही, नातं सांगितलं. "बोला, भावोजी," ती म्हणाली, जशी मागच्या आठवड्यातच भेटलो होतो. मी विचारलं, सगळे बरे? "बरे. तुम्ही?" मी म्हणालो, मला एक आजार निघालाय, घराण्यातला आहे, रक्तातून येतो, म्हणून फोन केला. पुतण्या कसा आहे? "आहे. दातांच्या कवळ्या बनवतो, स्वतःची जागा घेतली आहे. तो बरा आहे हो, नुसता थकतो. सकाळी बोटं आखडतात त्याची, कानस धरवत नाही. मी म्हटलं, अंगात रक्त नाही तुझ्या. गेल्या महिन्यापासून टॉनिक सुरू केलंय मी."

माझ्याखालची ती बुटकी खुर्ची आणखी बुटकी झाली. "वहिनी," मी म्हणालो, "ते बंद करा. आजच." "का?" मग मी सांगितलं, लोखंड, दार, साठा, यकृत, रंग, साखर, बोटं, डॉक्टरांचं चित्र मी शब्दांनी काढलं आणि प्रत्येक रेघेला माझ्या लक्षात येत गेलं की मी तिच्या नवऱ्याचं वर्णन करतोय. मी थांबलो. फोनमध्ये कुठेतरी नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"म्हणजे ते टॉनिकच होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी म्हटलं होतं."

"हो."

"रोज रात्री मी त्या माणसाच्या शेजारी झोपत होते, भावोजी. मला वास आला नसता का? कुणी मला विचारलंच नाही."

"नाही विचारलं."

"तुम्ही हसला होतात."

"हो."

ती रडेल असं मला वाटलं, किंवा फोन ठेवेल. दोन्हींसाठी मी तयार होतो. सत्तावीस वर्षं लोकांना ओळखण्याचा धंदा केलेला माणूस एवढी तयारी ठेवतोच. ती म्हणाली, "किती जपून प्यायचे ते. थेंब सांडू द्यायचे नाहीत. बरं व्हायचंय म्हणायचे." तिने बोलता बोलता कुठलंतरी कपाट उघडलं. काच काचेला लागली. मग बेसिनमध्ये काहीतरी ओतल्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला, थांबत थांबत, बाटली रिकामी होईपर्यंत. दोन पिढ्या, आणि दोन बेसिनं. आणि तेच द्रव्य, पहिल्यांदा ओतलं तेव्हा मी दादाला वाचवू शकलो असतो आणि मला माहीत नव्हतं, आणि या वेळी एक बाई ते नुसतं माझ्या शब्दावर ओतत होती. माझ्या. एका 'का?'पलीकडे तिने काही विचारलं नाही, पुरावा मागितला नाही. मला वाटलं आपण या क्षणी उभं राहायला हवं, पण त्या खुर्चीतून पटकन उठता येत नाही.

"तो इथेच आहे," वहिनी म्हणाली. "आज लवकर आलाय. त्याच्याशी तुम्हीच बोला. मी सांगितलं तर त्याला वाटेल, आई बाबांची बाजू घेते."

थोडी कुजबुज झाली, मग एक जड पुरुषी आवाज, जो मी ओळखला नसता. बारा वर्षांपूर्वी शेवटचा बघितला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, आणि त्याआधी, बाटल्यांच्या त्या संध्याकाळी, आमच्या हशात, मला आठवतं, तोही हसला होता, सगळ्यांत उशिरा. "आई म्हणते, बाबा पीत नव्हते," तो म्हणाला.

"नव्हते."

"मी आजवर थेंब घेतला नाही. माहीत आहे? मित्रांच्या लग्नातसुद्धा नाही. खोकल्याचं औषध आणलं तर आधी मागची चिठ्ठी वाचतो. म्हटलं, आपल्यात असेल ते. आपल्याला ते लागेल एक दिवस. रोज आरशात डोळे बघतो मी."

समोरच्या पाठींपैकी एकही हलली नाही. माणूस किती वर्षं चुकीच्या दाराला कडी लावून बसू शकतो, आणि किती निष्ठेने, हे मी ऐकत होतो. ती कडी मी बसवली होती.

"मग आता मला नक्की काय झालंय?" त्याने विचारलं.

"झालं असेलच असं नाही. तपासायचं. आणि असलंच तर या वयात सापडलं की काही बिघडत नाही, नुसतं रक्त काढत राहायचं. तपासायला रक्ताची एक नळी लागते."

"एवढंच?"

"एवढंच."

मग त्याने विचारलं, "बाबांची नळी कुणी घेतली नव्हती?"

खरं उत्तर द्यायला इतका कमी वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. "घेतली होती," मी म्हणालो. "पण वरच्या कागदावर मी लिहिलं होतं की ते पितात. वाचणाऱ्यांनी ते माझ्या अक्षरात वाचलं आणि पुढे बघितलं नाही. ते मी केलं."

पलीकडे श्वास होता, एक आत, एक बाहेर, मोजता येईल असा. मी तो फोन कानाला इतका घट्ट धरला होता की दुखरी दोन बोटं बधिर झाली. वर्गात खडूचा वास होता. ऑपरेटरबाई माझ्याकडे पाठ करून अगदी ताठ बसल्या होत्या, जशा कधीकाळी दोन अनोळखी माणसांचं बोलणं जुळवून देऊन, स्वतः न ऐकता, लाइन तुटू नये म्हणून बसत असतील.

"उद्या सकाळी जमेल मला," तो म्हणाला. "तुम्ही येणार का तिथे?"

"येईन."

"उपाशीपोटी यायचं का, काका?"

"हो," मी म्हणालो. "पाणी चालेल."